न उलटलेली तबकडी

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या खोबणी मोजायला जाऊ नका. वरून पाहणाऱ्याला त्या शेकडो वाटतात, पण खरे तर एका बाजूला एकच खोबण आहे, कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल जाणारी. दुसऱ्या बाजूलाही तशीच एक. पहिल्या बाजूने माझी गावभर चेष्टा झाली आणि दुसरी बाजू बारा वर्षे कुणी ऐकलीच नाही. मी गाण्याची जुनी तबकडी आहे. आता काठाला थोडी वाकले आहे.

अथेन्स शहरात विणकामाच्या एका कारखान्याखाली तळघर होते. तिथे चार तरुण मुले सराव करायची. त्यांच्या बॅंडचे नाव अनिफोरा, म्हणजे चढण. तेव्हा देशावर लष्कराचे राज्य होते. गाण्याचे शब्द आधी कचेरीत दाखवावे लागत, शिक्का बसला तरच तबकडी निघे. म्हणून मुलांनी शब्द अगदी साधे ठेवले. चंद्र, होडी, संत्र्याचे झाड. सारे बंड त्यांनी सुरांत भरले.

लोक या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणत. ते कसे असते, असे मला विचाराल तर मी म्हणेन, ओळखीच्या सुराला ताप चढला की तो जसा बडबडेल, तसे. गिटार वाजवणाऱ्या लांब्रोसने पत्र्याच्या डबीत तारा जुळवून एक यंत्र केले होते. त्यातून गेलेला स्वर खरखरीत, जळका होऊन बाहेर पडे. गच्चीवरच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत कर्णा ठेवून ते घुमारा आणत. फिरती टेप अंगठ्याने दाबून आवाज जड करत. माझ्या पहिल्या बाजूवर अशी चार गाणी आहेत, गरगरणारी आणि रंगीत.

दुसऱ्या बाजूवर एकच रचना आहे, एकोणीस मिनिटांची. तिला शब्द नाहीत. बास गिटार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्वर धरून ठेवते आणि लांब्रोसची गिटार वरून घसरत खाली येते, थांबते, पुन्हा वर चढते.

"शब्द कुठायत याचे?" ऑर्गन वाजवणाऱ्या पेरिक्लिसने विचारले होते.

"शब्द आईचे आहेत. ते मला घेता येणार नाहीत. चाल तेवढी घेतलीय."

लांब्रोसचे वडील झिसिस मागच्याच ऑक्टोबरात वारले होते. डोंगरातल्या लिथारी गावात, त्यांच्या उशाशी बसून आईने जो विलाप केला, तोच लांब्रोस मनात साठवून घेऊन आला होता.

"तिला विचारलंस?"

"नाही."

"मग चोरीच की रे ही!"

"हो," लांब्रोस म्हणाला. "पण घरातल्या घरात."

१९७२ च्या वसंतात मी साच्यातून बाहेर पडले. माझ्याबरोबर माझ्या तीनशे बहिणी निघाल्या. ईस्टरला लांब्रोसने मला बगलेत घेतले, दुसऱ्या हातात सेलवर चालणारा छोटा रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि तो गावी आला.

त्याची आई अलेक्सो चुलीपाशी अंडी लाल रंगवत होती. तिने एप्रनला हात पुसले आणि माझ्या वेष्टणावरून बोट फिरवले.

"तुझं नाव कुठंय यावर?"

"मागे. खाली. बारीक अक्षरात."

"एवढं बारीक? पैसे संपले होते काय शाईचे?"

लांब्रोस हसला. मग हळूच म्हणाला, "आई, ऐकतेस? दुसरी बाजू आधी लाव."

अलेक्सोने कोपऱ्यातल्या रेडिओकडे बोट केले. त्याच्यावर काळे फडके होते. "दिसतंय ना? तुझ्या बापाला जाऊन सहा महिने झाले. तीन वर्षं या घरात गाणं लागणार नाही."

"हे गाणं नाहीये. म्हणजे, ती बाजू नाहीये."

"गिटारीवर वाजवलंयस ना? मग गाणंच ते."

त्याचे कान लाल झाले. आपल्या गावात विलाप ज्याचा त्याचा असतो, तो उचलून कुणी बाजारात नेत नाही, हे त्याला ठाऊक होते. तो बोलायला गेला आणि गप्प बसला. मित्रांनो, तेवढे एक वाक्य तो बोलला असता, तर माझे आयुष्य वेगळे झाले असते.

"तीन वर्षांनी ऐकेन," अलेक्सो म्हणाली. "शब्द देते." आणि तिने मला पेटाऱ्यात ठेवले, चादरींच्या मध्ये, कसर लागू नये म्हणून अक्रोडाची पाने घालून.

त्या उन्हाळ्यात माझी एक बहीण गावच्या कॉफीच्या दुकानात पोचली. दुकानदार फोतिसने ती लावली, अर्थात पहिल्या बाजूने. दोन मिनिटे झाली नाहीत तोच त्याने सुई उचलली. हे मला पेटाऱ्यात असतानाच कळले, कारण अलेक्सोची नणंद पोलिक्सेनी तणतणत घरात आली होती.

"तो फोतिस काय म्हणतो ऐकलंस, वहिनी? म्हणे, तुमच्या लांब्रोने करवतीचं लग्न लावून दिलंय! सगळं दुकान हसत होतं."

"हसू दे, वन्सं. पोर आहे. नाचायचंच वय त्याचं."

म्हणजे तिचीही तीच समजूत झाली. माझ्यात नाच आहे. मी दोन चादरींमध्ये पडून होते आणि माझ्या पाठीवर तिचा स्वतःचा विलाप होता.

पुढच्या ऑगस्टमध्ये बॅंडची गाडी पावसात घसरून दरीत गेली. तिघे वाचले. लांब्रोस गेला.

त्याला गावी आणले तेव्हा सगळ्या बायका अलेक्सोभोवती बसल्या आणि वाट पाहत राहिल्या. आमच्या भागात विलाप एकटीने करायचा नसतो. एक बाई सुरू करते, बाकीच्या खाली एकच स्वर धरून ठेवतात, म्हणजे रडणारीला टेकायला जागा राहते. त्या दिवशी बायका स्वर धरायला तयार होत्या. अलेक्सोच्या तोंडून आवाज फुटला नाही. कोरड्या डोळ्यांनी तिने लेकाला मातीत जाऊ दिले.

नवऱ्याचे सुतक तीन वर्षांत फिटले असते. लेकाचे फिटत नाही. रेडिओवरचे फडके तसेच राहिले आणि मीही. वर्षातून दोनदा, मृतांच्या शनिवारी, गेलेल्यांच्या नावाने देवळात न्यायच्या उकडलेल्या गव्हावर झाकायला पांढरे कापड काढण्यासाठी ती पेटारा उघडायची. तेव्हा तिचा तळवा क्षणभर माझ्यावर टेके. मग पुन्हा अंधार.

अशी अकरा वर्षे गेली. एका वसंतात पोलिक्सेनी अलेक्सोला यानिना शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आल्यावर दोघी पेटाऱ्यावरच बसल्या, म्हणून मला सारे ऐकू आले.

"डावा कान गेलाच," अलेक्सो म्हणाली. "उजवा द्राक्षं काढेपर्यंत टिकेल, असं म्हणाला."

"मग त्याआधी ऐकून घे पोराला."

"काळं घालून गाणं ऐकू? गाव काय म्हणेल, वन्सं?"

"गाव! गावात उरलीत सतरा माणसं आणि दोन गाढवं. आणि फोतिसला मी माणसांत धरलेलं नाही."

अलेक्सो हसली नाही. "गावाचं जाऊ दे. त्याच्यासाठी मला रडता आलं नाही. माझ्या लेकराचा विलाप मी केला नाही, आणि आता त्याचं नाचाचं गाणं ऐकत बसू? नाही जमणार मला."

"दगड आहेस नुसती!" पोलिक्सेनी म्हणाली आणि उठून गेली.

पण ती स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हाताऱ्या कित्सोसला घेऊन आली. कित्सोसने साठ वर्षे क्लॅरिनेट वाजवले होते. कुणाच्या दारात काय वाजवायचे आणि कुणाच्या दारात वाद्य पिशवीतच ठेवायचे, हे त्यालाच विचारायची गावाची रीत होती.

"हा सांगेल, सुतकात चालतं की नाही," पोलिक्सेनी म्हणाली. "याचं तरी ऐकशील?"

अलेक्सोने आपले स्टूल उचलले. मग म्हणाली, "तुम्ही ठरवा. मी अंगणात बसते. गाणं असेल तर मला हाक मारू नका."

लांब्रोस तेव्हा ठेवून गेलेल्या प्लेअरसाठी सेल नवे आणले होते. मित्रांनो, बारा वर्षांनी मी उजेडात आले आणि पहिल्यांदाच सुई माझ्यावर टेकली. पोलिक्सेनीने मला जशी हाती आले तशी ठेवली होती. पहिली बाजू वर.

कित्सोसने काठीवर हनुवटी टेकून चारही गाणी ऐकली. मान हलवत म्हणाला, "पोराला बोटं होती. तापात वाजवल्यासारखं वाजवलंय, पण बोटं होती." मग त्याने पोलिक्सेनीकडे पाहिले. "सुतकात नाही चालायचं हे, बाई. पाय हलतात माझे."

पोलिक्सेनीचे खांदे पडले. तिने सुई बाजूला केली, मला उचलले आणि वेष्टणात घालू लागली. मला तोंड असते तर मी ओरडले असते. अर्धी आत गेले होते मी.

"अगं, उलटून बघ की," कित्सोस म्हणाला.

"उलटून काय व्हायचंय? तीच करवत, दुसरीकडून."

"तरुणपणी मी यानिन्यात तबकडीसाठी वाजवलं होतं. एका बाजूला लग्नाचं, एका बाजूला मरणाचं. तबकडीवाला म्हणाला, लोकांना दोन्ही लागतं. उलट."

तिने मला उलटले.

आधी फक्त तो धरलेला स्वर आला. मग गिटार वरून खाली घसरली. कित्सोसने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काय झालं?" पोलिक्सेनीने विचारले.

"गप्प बस." थोड्या वेळाने तो म्हणाला, "ही अलेक्सो आहे."

"वहिनी अंगणात आहे, म्हाताऱ्या."

"नाही. इथे आहे. झिसिसला उचलायच्या आधी ती अशीच वरून खाली आली होती. आणि आता ऐक… इथे. इथे तिचा श्वास तुटला होता. मी दाराशी उभा होतो. हे गाणं नाही, बाई. जा, आण तिला."

पोलिक्सेनी धावत गेली आणि भावजयीला दंडाला धरून आत घेऊन आली. तिने सुई परत सुरुवातीला नेली. अलेक्सो जमिनीवर बसली आणि तिने उजवा कान यंत्राला लावला. तिची काळी ओढणी माझ्या कडेला लागत होती.

पहिल्यांदा तिला काही उमगले नाही. मग तो चढ आला, तो उतार आला, आणि ज्या जागी तिचा श्वास तुटला होता, त्या जागी लांब्रोसने हात थांबवला.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

कित्सोसने मान डोलावली.

"हे माझं आहे. त्याच्या बापासाठी म्हटलेलं." तिचा हात वेष्टणावरच्या बारीक नावावर गेला. "चोरट्या, विचारायचं तरी होतंस मला. दिलं असतं की मी."

बासचा स्वर चालूच होता. पण विलाप चाललाय आणि आपण नुसते बसून आहोत, हे पोलिक्सेनीला सोसेना. तिने तो स्वर आपल्या गळ्यात धरला. कित्सोसनेही धरला. आणि अलेक्सोने लेकाच्या गिटारीबरोबर तोंड उघडले. चाल तीच होती, नाव मात्र लांब्रोचे होते. त्याच्या ओल्या बुटांना, न भेटलेल्या सुनेला, दरीतल्या पावसाला तिने एकेक करून हाक मारली. अकरा वर्षे ती जी कोरडी राहिली होती, ती त्या दुपारी भिजली.

त्यानंतर दर शनिवारी मी वाजत असे. द्राक्षे काढून झाली, उजवा कानही गेला. तरी शनिवार चुकला नाही. अलेक्सो यंत्राच्या अंगावर तळहात टेकवून बसे आणि बरोबर त्या जागी श्वास सोडे.

आठ वर्षांनी, हिवाळ्यात, अलेक्सो वारली. तोवर कित्सोसही गेला होता. गावात पाच बायका उरल्या होत्या. त्या तिच्याभोवती बसल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. स्वर धरायला सगळ्यांना येत होते. सुरुवात करणारी शेवटची बाई त्यांच्यामध्ये निजली होती.

पोलिक्सेनी उठली. तिने मला काढले, एप्रनने पुसले आणि दुसरी बाजू वर करून ठेवली.

"लांब्रो," ती म्हणाली, "तू सुरू कर. आम्ही धरतो."

आईला लेकासाठी रडावे लागले, ते उलटे झाले होते. त्या दिवशी लेक आईसाठी रडला, तिच्याच चालीत, आणि पाच म्हाताऱ्यांनी त्याला खाली स्वर दिला.

आज मी यानिन्यात, पोलिक्सेनीच्या मुलीच्या घरी आहे. ती भली आहे, पण तिने मला शेगडीजवळच्या फळीवर आडवी ठेवली आहे आणि माझ्यावर बिस्किटांचे डबे रचले आहेत. उष्णतेने आणि भाराने मी वाकत चालले आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला उभी ठेवा, उन्हा-आगीपासून दूर, आणि मऊ कापडाने पुसा. लावाल तेव्हा दोन्ही बाजू ऐका. माझ्या दुसऱ्या बाजूवर नवव्या मिनिटाला एक ओरखडा आहे, सुई तिथे अडते. झाकणावर थापट्या मारू नका, बंदही करू नका. बोटाने हलकेच पुढे न्या. पुढे अजून दहा मिनिटे आहेत, आणि तिथेच लांब्रोसची आई श्वास घेऊन पुन्हा वर चढते.