मंदीत मला न विकणारी माणसे

मित्रांनो, मी एक जुने लेथ मशीन आहे. लोखंड गरागरा फिरवून त्याला हवा तसा गोल आकार देणे हे माझे काम. माझे मालक नजीबभाई यांनी मला नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या गाळ्यात आणले, तेव्हा त्यांच्या बायकोने, नूरजहाँभाभींनी, शेजारच्या सगळ्या गाळ्यांत तांदळाची गोड सांदणे वाटली होती.

मोठ्या कंपन्यांच्या पंपांचे सुटे भाग आम्ही बनवायचो. "याच्यावर काम चुकतच नाही," असे माझा कारागीर दिनानाथ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मला फार बरे वाटायचे.

मग सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची मंदी आली. कंपन्यांचा मालच खपेना, तशा आमच्या ऑर्डरी थांबल्या. शेजारची शटरे एकेक करून खाली आली. माझ्यावर गंज चढू लागला. शेवटी नजीबभाईंनी भंगारवाल्याला बोलावले. "उद्या टेम्पो आणतो," म्हणून तो गेला.

दिनानाथ मला तेलाने पुसू लागला.

"आता कशाला पुसतोस?" नजीबभाईंनी विचारले.

"जायचंच आहे तर नीट जाऊ दे, भाई."

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या भाभींनी हे ऐकले. "अहो, मशीन गेलं आणि काम आलं, तर करणार कशावर?" एवढेच बोलून त्या निघून गेल्या.

सकाळी त्या सुंदराबाईंना घेऊनच आल्या. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या सुंदराबाई भाभींच्या सोसायटीत मासळी विकायच्या. त्यांच्या हातात होडीच्या इंजिनाचा झिजलेला दांडा होता.

"भाऊ, होरी किनाऱ्याला बसून हाय. नवा करून देशील?"

"मावशी, आम्ही होडीचं काम कधी केलं नाही," नजीबभाई म्हणाले.

"मंग आज कर!"

दिनानाथ हसला आणि त्याने माझे बटण दाबले. टेम्पो दाराशी आला, तेव्हा मी फिरत होते. नजीबभाईंनी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवले.

ती होडी पाण्यात गेली. मग सारसोळ्याच्या इतर होड्यांची कामे आली, एका पिठाच्या गिरणीचे आले, उसाच्या चरकाचेही आले. कामे लहान होती, कधी मजुरीसोबत बोंबील यायचे. पण दोन घरांच्या चुली पेटत राहिल्या. शेजारची काही शटरे मात्र पुन्हा उघडली नाहीत. त्यांची आठवण मला अजून येते.

मित्रांनो, यंत्र थांबले तरी त्याला तेल देत राहा. आणि जवळचा एखादा छोटा गाळा अडचणीत असेल, तर आपले मोडलेले काहीतरी घेऊन त्याच्या दाराशी जा. सुंदराबाई तशाच आल्या, म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे.