हरकत नाही

आमच्या ह्यांचं एकच पालुपद, ‘हरकत नाही.’ दूधवाल्याने नासकं दूध घातलं, हरकत नाही. शेजाऱ्याने आमच्या दारात स्कूटर लावली, हरकत नाही. लग्नापासून ऐकून ऐकून माझे कान किटलेत. म्हणून महामार्गाच्या जनसुनावणीला निघताना मी बजावलं, "अहो, आज तेवढे दोन शब्द सोडून काहीही बोला."

लोणी काळभोरचं आमचं घर नव्या महामार्गाच्या आखणीत येतंय. घर साधंच, पण त्याला एकही पायरी नाही. दारं रुंद, उंबरे नाहीत, फाटकापर्यंत नुसता उतार. आमची स्वराली चाकाच्या खुर्चीतून तिथे स्वतःची स्वतः हिंडते, फाटकाशी जाऊन भाजीवालीशी घासाघीस करते. त्याआधी आम्ही शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. परीक्षा असो की दवाखाना, हे तिला पाठुंगळी घेऊन उतरायचे, पाठुंगळी घेऊन चढायचे. शेवटी ती जागा विकली आणि हे घर बांधलं, तिच्याच नावावर. आता म्हणे मोबदला मिळेल. या वयात पुन्हा घर बांधायला बळ कुठून आणायचं, ते कोणी सांगत नाही.

घर तिचं, म्हणजे हरकतही तिची. बोलायचंही तिनेच ठरवलं होतं. कचेरीत पोचलो तर सुनावणी दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टवर पाटी, ‘लिफ्ट बंद आहे. जिना चालू आहे.’ लिहिणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारच करायला हवा!

"बाबा, तुम्हीच बोला. मी थांबते इथे," स्वराली म्हणाली. तिचा उतरलेला चेहरा बघून माझं डोकंच फिरलं.

वर भिंतीवर ‘जनतेचा सहभाग’ असा मोठा फलक होता आणि जनतेला बसायला खुर्च्या नव्हत्या. बऱ्याच वेळाने स्वरालीचं नाव पुकारलं. हे पुढे झाले. साहेब मान वर न करता म्हणाले, "काका, वेळ कमी आहे. थोडक्यात सांगा."

"हरकत नाही," हे म्हणाले आणि घसा खाकरू लागले.

शेजारच्या टायपिस्टची बोटं खटाखट चालली. "हरकत नाही. झालं. पुढचे, कोंडीराम," साहेबांनी पुकारलं.

"झालं काय?" मी ओरडलेच. "त्यांनी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही!"

"उघडलं ना. हरकत नाही म्हणाले. नोंद झाली."

"अहो, ती बोलायची पद्धत असते!"

"काकू, इथे पद्धत नसते, नोंद असते."

आमच्या मागे उभे असलेले लोणीचे कोंडीराम कळवळून म्हणाले, "ओ सायेब, भला माणूस हाय, म्हणून बोलला तसं." पण साहेबांनी हात हलवला. "दुरुस्ती हवी तर हरकतदाराने स्वतः सांगावं. कुठे आहेत त्या? गैरहजर?"

"हजर आहे," हे म्हणाले. "खाली. तुमचा जिना चालू आहे, पण माझी मुलगी चालू शकत नाही."

ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"माझं वय एकाहत्तर. मणका गेलाय. तिला आता उचलवत नाही मला. ते घर गेलं की ती पुन्हा कुठल्या तरी जिन्यावर अडकणार. आमच्यामागे तिला खाली कोण आणणार? ही आमची हरकत. लिहा. नाहीतर खाली चला आणि तिच्या तोंडून ऐका."

रात्र रात्र मी ज्या विचाराने तळमळते, तो हेही मनात घेऊन बसलेत, हे मला आज कळत होतं.

साहेब खुर्चीत चुळबुळले. "दोन मजले उतरायचे आणि पुन्हा चढायचे? गुडघे दुखतात हो माझे."

"हरकत नाही," हे म्हणाले. त्यांनी साहेबांकडे पाठ केली आणि कण्हत खाली वाकले. "बसा पाठुंगळी. मला सवय आहे."

टायपिस्टची बोटं जागच्या जागी थांबली. साहेब उठले आणि निमूटपणे जिन्याकडे निघाले.