दिवंगत आत्याबाईंची खोली

घरात पाहुणे उतरवायचे आणि सकाळी नाश्ता घालून वाटेला लावायचे, ही टूम भाच्याची. घर मात्र आत्याच्या वडिलांनी बांधलेलं. "दोन महिने जिन्याखालच्या खोलीत काढ गं आत्या, मग तुझी खोली तुझीच," असं तो लाडीगोडीनं म्हणाला आणि आत्या भुलली. जिन्याखाली म्हणजे मोडक्या खुर्च्या नि रिकाम्या डब्यांच्या शेजारात. तिच्या खोलीला बागेकडची खिडकी होती. तिथं घटकाभर बसल्याशिवाय तिचा दिवसच सुरू होत नसे. दोन महिन्यांचं वर्ष झालं. विषय काढला की भाच्याला नेमका फोन यायचा.

नुसत्या खोल्यांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा पठ्ठ्यानं घराला इतिहास चिकटवला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. किराणा दुकान चालवणारे आजोबा रातोरात जहाजांचे मालक झाले. न्हाणीघरात म्हणे एक राजकन्या न्हाऊन गेली होती. आणि आत्याच्या दारावर पितळी पाटी लागली: 'दिवंगत आत्याबाईंची खोली. इथेच त्यांनी शांतपणे प्राण सोडला.'

पाटी वाचली तेव्हा आत्याच्या हातात पाहुण्यांची उकडलेली अंडी होती.

"अरे, मी मेले कधी?"

"धंद्यात चालतं गं एवढं. लोकांना जुनं दुःख आवडतं," भाचा म्हणाला. "आणि पाहुण्यांसमोर मला अरेतुरे करू नकोस. साहेब म्हण."

हे मात्र आत्याच्या जिव्हारी लागलं. खोली गेली ती गेली, आता नातंही गेलं. तिनं अंडी वाढली, हात धुतले, वर जाऊन आपल्या खोलीला आतून कडी घातली.

थोड्या वेळानं त्या खोलीसाठी आलेलं जोडपं बॅगा घेऊन वर आलं. भाच्यानं दार ठोठावलं. आधी गोडीनं, मग दातओठ खात.

"दार उघड. पाहुणे खोळंबलेत."

"मेलेलं माणूस दार कसं उघडणार, साहेब?" आतून आवाज आला. "माझी आत्या जिवंत आहे, एवढं म्हणा. लगेच उघडते."

पाहुणीनं पाटी वाचली आणि भाच्याकडे पाहिलं. आत आत्या दाराला कान लावून उभी होती. तो म्हणेल, असं वेडीला खरंच वाटत होतं.

"तुम्हाला दुसरी खोली देतो," भाचा पाहुण्यांना म्हणाला. "जहाजमालकांची."

बॅगा त्याच्याच बेडरूमकडे निघाल्या. तेवढ्यात दाराखालून जिन्याखालच्या खोलीची किल्ली सरकत बाहेर आली.

"ही असू द्या, साहेब," आत्या म्हणाली. "झोपायला लागेल."