अर्ध्या डोक्याच्या टाचणीची साक्ष

एका जुन्या, जाड कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, वरच्या कडेपासून बरोबर चौदा मिलिमीटरवर, एक तपकिरी डाग आहे. रुंदी साडेतीन मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना तो गोल वाटतो, पण भिंगातून पाहिलं तर त्याची एक बाजू सुरीनं कापल्यासारखी सरळ दिसते. डागाच्या मधोमध एक बारीक भोक आहे आणि तिथून नऊ मिलिमीटरवर, जरा तिरकं, दुसरं.

मित्रांनो, तो डाग माझा आहे. मी एक जुनी टाचणी आहे. सध्या माझा मुक्काम काचेच्या एका छोट्या नळीत असतो. नळीला बूच आहे आणि बुचाला नंबर. इतका मान कुठल्या टाचणीला मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण तो मिळण्याआधी माझ्यामुळे एका घरात बराच गोंधळ झाला होता.

माझा जन्म लोखंडी तारेतून झाला. यंत्रानं तार सरळ केली, तुकडे पाडले, एक टोक घासून अणकुचीदार केलं आणि दुसऱ्यावर ठोका मारून डोकं बसवलं. मग अंगावर कथिलाचा पातळ मुलामा चढला. आम्ही सगळ्या बहिणी गुलाबी कागदावर रांगेत टोचून बसलो आणि एका वकिलांच्या टेबलावर पोचलो. तेव्हा मी इतकी चकचकीत होते की खिडकीतलं ऊन माझ्या डोक्यावरून छतावर जाई.

वकीलसाहेब फार टापटिपीचे. त्यांची एक खोड होती. करार स्वच्छ अक्षरात लिहून झाला की त्यावर कुणाला अंगठा उमटवू द्यायचे नाहीत. शाईची बोटं मजकुराला लागतात, म्हणून अंगठे वेगळ्या चिठ्ठीवर घ्यायचे. चिठ्ठीवर फक्त ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ एवढंच. नावं मोठ्या कागदावर आलीच आहेत, परत कशाला? मग मोठ्या कागदावर चिठ्ठी ठेवून दोन्ही टाचणीनं जोडायचे. म्हणजे कुठला अंगठा कुठल्या कराराचा, हे त्या दफ्तरात फक्त आम्हा टाचण्यांना ठाऊक!

माझ्या वाट्याला आला खिडकीचा करार. एक शिंपी आणि त्याच्या शेजारचा सुतार. शिंप्याला सुईत दोरा ओवायला उजेड हवा, आणि सुताराला फळ्या ठेवायला जागा. ठरलं असं, की शिंप्याच्या खिडकीसमोर सुतारानं काही उभं करायचं नाही आणि सुताराची लाकडं आत नेण्यासाठी शिंप्यानं मागचं फाटक उघडं ठेवायचं. दोघांनी हसत हसत अंगठे दिले. लिहिणारा कारकून नवा होता, एकोणीस वर्षांचा. कागद जाड, मी काही आत जाईना. त्यानं चिडून पेपरवेट उचललं आणि माझ्या डोक्यात हाणलं.

“अहो, टाचणी आहे ती, खिळा नाही,” साहेब म्हणाले.

मी आत गेले, पण जरा वाकून. आणि माझं डोकं एका बाजूनं कायमचं चपटं झालं.

त्यानंतर आमचा गठ्ठा कपाटात गेला. साहेब म्हातारे झाले, मग गेले. जाण्याआधी त्यांनी कारकुनाला बजावलं होतं, “माझ्या पक्षकारांचे कागद मला विचारल्याशिवाय कुणाला दाखवायचे नाहीत.” कारकुनानं मान डोलावली. तेव्हापासून कपाटाची किल्ली त्याच्या सदऱ्याच्या खिशात.

एकेका पावसाळ्याची ओल माझ्या मुलाम्याखाली शिरली. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की काय होतं, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. मी गंजले. मला वाटे, मी या कागदांना किती निष्ठेनं धरून ठेवलं आहे! खरं म्हणजे ज्यांना धरलं होतं त्यांनाच मी कणाकणानं खात होते. हे मला फार उशिरा कळलं.

ते कळलं साहेबांच्या सुनेमुळे. त्या रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, सगळे त्यांना बाई म्हणतात. गावातल्या ग्रंथालयानं या दफ्तरासाठी एक मांडणी रिकामी ठेवली होती. यादी करून द्या, आम्ही सांभाळतो, असं ते नऊ वर्षं सांगत होते. दर वर्षी बाई कारकूनकाकांना विचारत, आणि एक्क्याऐंशी वर्षांचे काका दर वर्षी तेच म्हणत, “बघू. साहेबांना विचारून सांगतो.”

“काका, त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली.”

“म्हणूनच तर वेळ लागतोय, सूनबाई.”

शेवटी कपाटात कसर दिसली आणि काका थोडे नरमले. फक्त साफसफाई, यादी नाही आणि वाचायचं तर मुळीच नाही, अशी अट घालून त्यांनी किल्ली दिली.

“मी वाचत नाही हो,” बाई म्हणाल्या, “मी मोजते.”

काका चार दिवस भाचीकडे गेले होते. तेवढ्यात बाईंनी मऊ ब्रशनं धूळ काढली, गंज पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि चिमट्यानं एकूण एक टाचणी उपटली. दोनशे बारा! आम्हाला एका बरणीत टाकलं. मग कागदांचे आकाराप्रमाणे दोन नीटनेटके गठ्ठे केले, मोठे इकडे, चिठ्ठ्या तिकडे. असं शास्त्रशुद्ध काम पाहून त्या स्वतःवरच खूश झाल्या.

काका परत आले आणि किल्ली मागून पुन्हा खिशात घातली. त्यांनी गठ्ठे पाहिले, बरणी पाहिली आणि हळूच खुर्चीत बसले.

“सूनबाई, टाचण्या काढल्यात?”

“सगळ्या! गंज कागदाला किती वाईट असतो ठाऊक आहे?”

“आणि कुठली चिठ्ठी कुठल्या कागदाची, ते लिहून ठेवलंत?”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बत्तीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं, आधी नोंद करा, मग हात लावा. आता त्यांची स्वतःची वही कोरी होती.

नेमकी त्याच आठवड्यात दारात कात्रीताई आली. ती त्या शिंप्याची नात. दुकान तेच, खिडकी तीच. तिला कात्रीताई म्हणतात ते धंद्यामुळे की जिभेमुळे, हे विचारायची कुणाची छाती होत नाही.

“काका, आमच्या खिडकीचा कागद तुमच्याकडे आहे. शेजारी, त्या सुताराचा नातू, सोमवारी खिडकीसमोर भिंत बांधतोय. माणूस वाईट नाही. म्हणतो, दोघा आजोबांच्या अंगठ्यांचा कागद दाखव, मी मिस्त्रीला परत पाठवतो. नाहीतर मला भरदुपारी दिवा लावून शिवावं लागेल.”

“ते बाहेर दाखवायचे कागद नाहीत, पोरी.”

“मी बाहेरची? माझ्या आजोबांचा अंगठा आहे त्यावर!”

“साहेबांना विचारून—”

“विचारा, विचारा. माझाही नमस्कार सांगा. फक्त सोमवारच्या आत विचारा.”

ती गेल्यावर काका म्हणाले, “दाखवायचं की नाही ते नंतर बघू. आधी तो कागद पुरा तरी व्हायला हवा. अर्धा करार म्हणजे नुसता निबंध.”

मोठा कागद काकांनी पाच मिनिटांत काढला. त्यांचंच अक्षर होतं ते. पण चिठ्ठ्या होत्या दोनशेच्या वर, सगळ्यांवर त्याच दोन ओळी आणि दोन काळे अंगठे. तेव्हा बाईंनी फूटपट्टी आणि भिंग आणलं. प्रत्येक कागदावर टाचणीची दोन भोकं असतात. ती कडेपासून किती लांब, एकमेकांपासून किती लांब आणि किती तिरकी, असा तीन रकान्यांचा तक्ता त्यांनी आखला. जोडीचे कागद म्हणजे जुळती भोकं.

आणि काय सांगू, जोड्या लागायला लागल्या! काका शाईच्या रंगावरून ओळखत, बाई मापावरून. दोघांची चुरस लागली.

“ही निळी शाई साहेबांनी एकाच वर्षी वापरली. ही जोडी माझी.”

“भोकांत दोन मिलिमीटरचा फरक आहे, काका. तुमची नाही.”

“तुमची पट्टीच चुकीची आहे.”

“पट्टी शाळेची आहे.”

“म्हणूनच म्हटलं!”

शनिवारी संध्याकाळी चहा येईपर्यंत काकांच्या एकतीस जोड्या झाल्या होत्या आणि पट्टीच्या सव्वीस, आणि काका ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. पण खिडकीची चिठ्ठी सापडत नव्हती. रविवारी सकाळी मापं जुळणाऱ्या तीन चिठ्ठ्या उरल्या. चौदा आणि नऊ, तिन्हींची तीच. तिन्ही तर एका कराराच्या असू शकत नाहीत.

बाईंनी मोठ्या कागदावरचा डाग पुन्हा भिंगाखाली धरला. गंज चिठ्ठीतून झिरपून खालच्या कागदावर फिकट उतरला होता, पण त्याची एक बाजू सरळ होती. त्यांनी तीन चिठ्ठ्या पाहिल्या. दोघींवर गोल डाग होता आणि तिसरीवर अर्धा, गडद, जणू त्या फिकट डागाची थोरली बहीण. मग त्यांनी बरणी पांढऱ्या ताटात उपडी केली आणि चिमट्यानं एकेकीला बाजूला सारत माझ्यापाशी येऊन थांबल्या.

“काका, ही बघा. वाकडी, आणि डोकं एका बाजूनं चपटं. हिला कुणी ठोकलं होतं का?”

काकांनी मला तळहातावर घेतलं. बासष्ट वर्षांनी आम्ही पुन्हा भेटलो. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“टाचणी आहे ती, खिळा नाही,” ते म्हणाले, आणि डोळे पुसले.

मग त्यांनी चिठ्ठी करारावर ठेवली आणि तो मोठ्यानं वाचला. वाचायचं नाही ही अट त्यांची त्यांनीच मोडली. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. तिथे त्यांच्याच कोवळ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘एक प्रत वकिलांकडे ठेवली आहे, गरज पडेल तेव्हा काढता यावी म्हणून.’

“काढता यावी म्हणून,” ते पुन्हा म्हणाले. “आणि मी इतकी वर्षं किल्ली घेऊन बसलोय.”

मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटावर, माळ्यावर असा एखादा गठ्ठा असेल. सापडला तर त्यातल्या टाचण्या जरूर काढा, आम्हाला वाईट वाटणार नाही. आम्ही फार दिवस राहणं कागदाला बरं नाही. पण आधी पेन्सिलीनं नोंद करा, कोण कुणाला धरून होतं ते. मग कोरडी जागा, स्वच्छ पाकीट आणि वर एक नंबर. एवढं पुरतं. आणि गठ्ठा बांधताना तो पुन्हा कोण उघडणार, याचाही विचार करा.

दुपारी कात्रीताईला बोलावणं गेलं. तिनं चिठ्ठीवरचा आजोबांचा अंगठा पाहिला. त्याच्या मधोमध एक पांढरी रेघ होती, सुई घुसल्याची जुनी खूण. तिनं आपला अंगठा शेजारी धरला. तिच्याही अंगठ्यावर तशीच रेघ होती.

“शेजाऱ्याला घेऊन ये,” काका म्हणाले. “दोघं इथेच बसून बघा. आणि त्याला सांग, त्या करारात फाटकाचंही आहे, ते तुला उघडं ठेवावं लागेल.”

“ठेवते की! चोवीस तास ठेवते!” म्हणत ती पळाली.

बाईंनी खिडकीचा करार पाकिटात सरकवला आणि मला नळीत. बुचावर एक नंबर घातला, पाकिटावर तोच. मग नेहमीप्रमाणे, फारशी आशा न ठेवता, त्यांनी विचारलं, “बाकीच्या दफ्तराचं काय करायचं, काका? साहेबांना विचारलंत?”

काकांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या नळीशेजारी टेबलावर ठेवली.

“नाही विचारलं,” ते म्हणाले. “या वेळी मीच सांगतो. यादी करा, सूनबाई, आणि सगळं ग्रंथालयाला द्या. ज्याचा कागद आहे त्याला बघू दे.”