खंडेनवमीला उचललेला कंट्रोलर

मला फक्त अनीशला हरवायचं होतं, असं कुणी म्हणेल. ते खरं नाही. मला त्याच्या तोंडून माझं नाव हवं होतं, आणि तेही ज्या लोकांसमोर त्यानं ते पुसलं त्याच लोकांसमोर.

अनीश धारचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही मिळून एक चॅनल काढलं होतं. नवा गेम आला की तो पहिल्या तासाभरात कसा वाटला, ते सांगायचं. खेळायचे मी, बोलायचा तो. मी देवासला गिअरच्या कारखान्यात मापं तपासते. केसभर खोट असली तरी मला दिसते, गेममध्येही दिसते. त्याला बोलता येतं, मला येत नाही, इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग लोक खेळाची तारीफ करायला लागले आणि हा पठ्ठ्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "अपना ही हाथ है भिया." मी शेजारीच बसले होते.

आमच्या घरात कुठलंही हत्यार उचलण्याआधी कपाळाला लावतात. पणजोबा देवास संस्थानात थोरल्या पातीच्या दरबारात होते, तेव्हापासूनची सवय. मी कंट्रोलरही तसाच कपाळाला लावते. अनीशनं ते गुपचूप फोनवर टिपलं आणि क्लिप चॅनलवर टाकून वर लिहिलं: 'देवीजी पहले पूजा करेंगी, फिर मरेंगी.' कारखान्यात पोरं मला बघून मशीनला हात जोडायला लागली. मी भांडले, तर त्यानं चॅनलचा पासवर्ड बदलला. माझा दुसरा कंट्रोलरही त्याच्याकडेच राहिला. त्यानंतरचं दीड वर्ष मी दातओठ खात काढलं.

मग एका नव्या गेमचा डेमो आला. तीनच दिवसांचा, मंगळवारी संध्याकाळी सहाला बंद. गोल मैदान, आठ खेळाडू, प्रत्येकाला एक बंदूक आणि एक तलवार. पहिल्या तासात मला तो मुळीच आवडला नाही. चाल जड, उडी मारली की गव्हाचं पोतं पडल्यासारखा आवाज, भिंतींना आजारी पिवळा रंग. तलवार मात्र कुणीतरी जीव लावून बनवली होती. बटण दाबून धरलं की पातं वर जातं आणि तिथेच थांबतं. सोडलं की पडतं. त्या थांबण्यात सगळी मजा होती. दुसऱ्या दिवशी मला खोट सापडली. बंदुकीत गोळ्या भरताना दोन सेकंद तलवार उचलताच येत नाही. तेवढा वेळ माणूस उघडा असतो.

आणि दोन गोळ्या झाडल्या की लगेच भरायला घ्यायचं, ही अनीशची जुनी खोड. शिकवताना मी त्यावरून त्याला हजारदा ओरडले होते.

मंगळवारी साडेपाचला तो लाइव्ह येणार होता. रूमचा कोड पडद्यावर लावणार आणि जो येईल त्याच्याशी खेळणार. डेमोत कुणाचं नाव दिसत नाही, नुसते नंबर दिसतात. मला आणखी काय हवं? दिवसपाळी संपवून पाचला धावत घरी आले, तर टीव्हीखाली कंट्रोलर नाही.

तो देवासमोर पाटावर होता. आज खंडेनवमी, हे मी साफ विसरले होते. एका बाजूला पणजोबांचा गंजलेला दांडपट्टा, दुसऱ्या बाजूला आईची कात्री आणि विळी, मधोमध माझा कंट्रोलर. हळदकुंकू वाहिलेला, वर झेंडूचं फूल. पूजेतलं हत्यार आमच्याकडे दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी उचलत नाही.

"आबासाहेब, हे आपण काय केलंत?"

माझे आजोबा बळवंतराव खुर्चीत ताठ बसले होते. "तुमचं हत्यार ना ते, बाईसाहेब? दरवर्षी तुम्हीच ठेवता. आज तुम्ही कामावर होतात, म्हणून मी ठेवलं."

राग काढायचा तरी कुणावर? मला रडूच फुटलं. मग सगळं सांगून टाकलं आणि ती क्लिपही दाखवली, जी घरात कुणाला दिसू नये म्हणून मी दीड वर्ष जपले होते. त्यांनी ती दोनदा पाहिली.

"हा नमस्कार मी माझ्या वडिलांकडून शिकलो," ते म्हणाले. "ह्याला हसला तो?"

"हो."

"मग चाल करून जायचं असताना शस्त्र पाटावर कशाला? उचला. काम झालं की पुसून परत ठेवा."

मी कंट्रोलर कपाळाला लावला. कुंकवानं अंगठा सरकत होता, पण पुसायला वेळ नव्हता. फोनवर अनीशचं लाइव्ह लावलं आणि रूममध्ये शिरले. फोनवरचं चित्र खेळाच्या वीसएक सेकंद मागे होतं. मला मिळाला पाच नंबर, त्याचा होता एक.

त्यानं दोन गोळ्या झाडल्या, भरायला घेतल्या, आणि मी त्याला कापला. पुन्हा दोन गोळ्या, पुन्हा भरणं, पुन्हा कापला. बाकीच्या सहा जणांकडे मी बघतही नव्हते. नवव्यांदा तो पडला तेव्हा फोनमधून त्याचा हसरा आवाज आला, "ये पाँच नंबर कौन है भिया? मान गए उस्ताद! भाई, कहाँ से हो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जिंकत होते आणि शाबासकी कुठल्या तरी भाईला मिळत होती. असं शंभर वेळा कापलं असतं तरी ह्याला कळलं नसतं की कोण कापतंय. घड्याळात सहाला सात कमी होते, सहाला डेमो बंद.

पुढच्या वेळी त्यानं गोळ्या भरायला घेतल्या तेव्हा मी वार केला नाही. समोर जाऊन वाकले, बटण दाबून धरलं. तलवार वर गेली, शिरस्त्राणापाशी टेकली आणि थांबली. आमच्या घरचा नमस्कार, जसाच्या तसा. त्याच्या गोळ्या भरून झाल्या. आता तो मला सहज उडवू शकत होता, पण तो जागचा हललाच नाही. माझं बोट बटणावर आणि कान फोनकडे होते.

फोनमधलं चित्र मागून तिथवर पोचलं. मग, "रुको... रुको यार. प्रियांका?" खाली चॅटमध्ये लोक भराभर विचारायला लागले, कौन प्रियांका, कौन प्रियांका. गडबडीत त्याच्या तोंडून खरं निसटलं. "अरे वोई, पूजावाली. पैले के सब गेम... वोई खेलती थी."

हेच हवं होतं मला. मी बटण सोडलं.

नंतर वाईट वगैरे काही वाटलं नाही. बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं. कंट्रोलर पदराच्या टोकानं पुसावा तसा ओढणीनं पुसला, पाटावर ठेवला, फूल सारखं केलं.

"झालं?" आबासाहेबांनी विचारलं.

मागून चालणाऱ्या फोनवर अनीश अजून उभाच होता, माझी तलवार अजून वरच होती. मी त्यांच्या खुर्चीशी बसले आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

"आता होईल, आबासाहेब. बघा."