दंडावरचा पट्टा

ओफेलियाच्या दंडाला चोवीस तासांसाठी रक्तदाबाचं यंत्र बांधलं होतं. दर अर्ध्या तासानं पट्टा आवळायचा, आणि त्या वेळी काय चाललं होतं ते तिनं कागदावर लिहायचं. औषधानंही दाब उतरत नव्हता. नवरा फर्मीन म्हणायचा, "अगं, कुणी काही बोलत नाही तुला. तूच डोक्यात भूत घेऊन फिरतेस!" आता भूत डोक्यात की बाहेर, हे यंत्रच सांगणार होतं.

नर्सनं स्पॅनिश वळणाचं आडनाव बघून कागद स्पॅनिशमधला दिला. पहिल्या चार ओळींतच ओफेलियाला घाम फुटला. वडिलांनी घरात स्पॅनिश बोलूच दिलं नव्हतं. "इंग्रजी चोख बोला, मग कोण बोट दाखवतंय बघू!" घ्या आता. तिनं कागद उलटून मागं इंग्रजीत लिहायला घेतलं.

साडेनऊला शाळेच्या ग्रंथालयात डार्लीन म्हणाली, "किती छान इंग्रजी बोलतेस गं!" अकरा वर्षं शेजारी बसते ही बया. कौतुक होतं, की टोमणा? पट्टा आवळला.

अकराला एक पालक तिच्याच टेबलाशी येऊन म्हणाले, "ग्रंथपाल कुठं आहेत?" "तुमच्या समोर. मीच," ती म्हणाली. पुन्हा पट्टा.

संध्याकाळी दुकानात रखवालदार मागं मागं. सहज असेल? तिनं पर्स मुद्दाम उघडी धरली, आणि तिला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आकडे बघितले. माणूस हसतमुख. "तुमच्याकडं जेवणात मीठ फार, नाही का?"

"आमच्याकडं म्हणजे? इथं टोलिडोत? माझा जन्मच इथला."

ते मनापासून हसले. "झोपेत उत्तम आहे. जेवतानाही उत्तम! दुकानात, शाळेत चढलाय. पण सगळ्यात मोठा आकडा काल सकाळी साडेआठचा. तेव्हाचं काही लिहिलं नाहीत. कुठं होतात?"

ओफेलियाला आठवलं. "इथंच. तुमची नर्स मोठ्यानं, एकेक शब्द तोडून विचारत होती, दुभाषी हवा का म्हणून."

"अहो, ती मदतच करत होती!" डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मीठ कमी करण्याचं पत्रक तिच्या हातात ठेवलं. स्पॅनिशमधलं.

आकड्यांचा कागद तिनं फर्मीनसाठी मागून घेतला. भूत बाहेरचंच निघालं म्हणून तिला हायसं वाटलं, रडूही आलं. गाडीत बसल्यावर पट्टा पुन्हा आवळल्यासारखा वाटला, तिनं दंड चाचपला. पट्टा तर कधीच काढला होता.