तिची पहिली किल्ली

चहा संपायच्या आत जावयांनी सासूबाईंच्या कॉम्प्युटरचं वाटोळं केलं, आणि तेही त्यांच्याच भल्यासाठी.

"आई, बटण दाबलं की हा सरळ उघडतोय. पासवर्डच विचारत नाही! उद्या घरात चोर शिरला तर?"

"तो काय माझ्या गिऱ्हाइकांचे कोट शिवणार आहे?"

सासूबाई शिवणकाम करत. गिऱ्हाइकांची अकरा वर्षांची मापं त्या कॉम्प्युटरमध्ये होती. तो आणला नवऱ्याने, पासवर्ड घातला त्यानेच, आणि न विचारता उघडायची सोयही त्यानेच करून ठेवली. "तुझ्या काही लक्षात राहायचा नाही," म्हणाला होता. माणूस किल्लीवाला. जन्मभर लोकांच्या दारांना कुलपं बसवली, घरात मात्र बायकोसाठी सगळं सताड उघडं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, पण ते वाक्य बाईंना अजून सलत होतं. इतकी का वेंधळी आहे मी?

जावई एका कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम बघत. त्यांनी ती सोय बंद केली आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. आता त्याने पासवर्ड मागितला.

"काय आहे हो पासवर्ड?"

"मला काय माहीत? सांगितलाय कधी मला?"

जावयांचा चेहरा खर्रकन उतरला.

सकाळी वकीलबाई कोट न्यायला येणार होत्या आणि बाह्या अजून कापायच्या होत्या. माप पुन्हा घेता आलं असतं. पण गिऱ्हाइकाचं माप एकदाच घ्यायचं, हा बाईंचा शिरस्ता. त्यांच्या मते दुसऱ्यांदा टेप काढणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. त्या तोंड फुगवून मशीनवर जाऊन बसल्या.

जावयांनी सासूबाईंच्या लग्नाची तारीख घालून पाहिली. मग बायकोचं नाव घातलं. मग स्वतःचं. माणसाला आशा असते. शेवटी खाकरून म्हणाले, "आई, चुकलं की खाली एक ओळ येतेय. 'तिची पहिली किल्ली.' म्हणजे काय असेल?"

मशीन थांबलं.

फार वर्षांपूर्वी शिवणवर्गाच्या दाराची किल्ली हरवून एक मुलगी पायरीवर रडत बसली होती. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने तिला नवी करून दिली, आणि प्रत्येक किल्लीवर ठोकायचा तसा त्या किल्लीवरही नंबर ठोकला. ती किल्ली आजही बॉबिनच्या डब्यात तळाशी होती. बाईंनी डब्याला हातसुद्धा लावला नाही.

"एकेचाळीस बहात्तर," त्या म्हणाल्या.

कॉम्प्युटर उघडला. वकीलबाईंची बाही साडेबावीस इंच निघाली.

"म्हणे लक्षात राहायचा नाही," बाई पुटपुटल्या. "लबाड कुठला!" आणि पदराने डोळे पुसले.

जावई ओशाळले होते. "आई, पुन्हा पहिल्यासारखं करून देतो. न विचारता उघडेल."

"काही नको," बाई म्हणाल्या. "विचारू दे त्याला रोज."